गिरणी, थेंबांची बाटली आणि तीन वर्षं चोंदलेलं नाक: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ४१ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात पिठाची गिरणी चालवणारे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम, तपासणीतल्या खुणा आणि घेतलेले निर्णय मात्र तसेच ठेवले आहेत.

गिरणी वडिलांच्या काळापासूनची. सकाळी सातला पट्टा फिरायला लागतो तो रात्री आठपर्यंत. दसऱ्यानंतर भाजणी आणि बेसनाची गर्दी सुरू झाली की त्याहूनही उशिरापर्यंत. वडिलांना मधुमेह होता. हे स्वतः विडी-तंबाखूपासून लांब, माळकरी, दर आषाढीला लोणंदला पालखीत सामील होऊन पंढरपूरपर्यंत चालणारे.

माझ्याकडे ते ऑगस्टमध्ये आले. हातात सीटी स्कॅनची मोठी पिशवी होती. "नाकाचं हाड वाढलंय डॉक्टर. ऑपरेशन सांगितलंय. तुम्ही एकदा बघा आणि तारीख द्या."

तक्रार

दोन्ही नाकपुड्या चोंदलेल्या, रात्री जास्त. तोंडानं श्वास घेऊन घसा कोरडा पडायचा. झोप तुकड्यातुकड्यांत व्हायची आणि दिवसा डोकं जड राहायचं. वास कमी येत होता. गिरणीवाल्याला हे फार लागतं, कारण धान्याला कुबट वास आहे की नाही हे तो नाकानंच ओळखतो. सकाळी गिरणी उघडली की शिंकांची माळ लागायची आणि डोळे खाजायचे.

औषधं कोणती चालू आहेत, असं विचारलं. "काही नाही. मधे सर्दीच्या गोळ्या खाल्ल्या, त्यानं नुसती झोप येते."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "आणि ती बाटली? उशीखाली बाटली नसली तर हे झोपत नाहीत. एक गिरणीत, एक गाडीत, एक घरात."

बाटली खिशातच होती. झायलोमेटाझोलीन, ०.१ टक्का, नाकात टाकायचे थेंब. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मोठी सर्दी झाली तेव्हा कुणीतरी पाच दिवसांसाठी लिहून दिले होते. पाच दिवस संपले, बाटली संपली नव्हती. ती संपल्यावर मेडिकलमधून दुसरी आली, मग तिसरी. आता १० मिलीलीटरची एक बाटली चार दिवस पुरत होती. प्रौढ माणसाला प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब, दिवसातून फार तर तीन वेळा, आणि तेही थोडेच दिवस, अशी या औषधाची मर्यादा आहे. हिशेब मांडला तर हे गृहस्थ दिवसातून सात-आठ वेळा थेंब टाकत होते.

बहुतेक लोक नाकातल्या थेंबांना औषधात धरतच नाहीत. त्यामुळे "कोणतं औषध घेता?" या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. "नाकात काय टाकता?" असं वेगळं विचारावं लागतं. पत्नी सोबत नसत्या तर या प्रकरणाची दिशा वेगळी झाली असती.

तपासणी

दुर्बीण घालण्याआधी, नाकात काहीही न फवारता, नुसतं पाहिलं. नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना मांसल घड्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. खालची टर्बिनेट सुजून मधल्या पडद्याला, म्हणजे दोन नाकपुड्यांमधल्या भिंतीला, टेकली होती. लोक 'वाढलेलं हाड' म्हणून दाखवतात ते बहुतेक वेळा हेच असतं. ॲलर्जीच्या नाकात हे अस्तर फिकट, निळसर, ओलसर दिसतं. इथे ते लालभडक, खडबडीत होतं आणि कापसाची काडी लागताच जरासं रक्त आलं. मग सूज उतरवणारं औषध लावून पाहिलं. एरवी अस्तर काही मिनिटांत आक्रसतं, इथे जेमतेम आक्रसलं.

मधला पडदा डावीकडे झुकलेला होता, हे सीटीत दिसत होतं आणि डोळ्यांनाही. सीटीत गालाच्या सायनसचं, म्हणजे हाडातल्या पोकळीचं, अस्तर थोडं जाड होतं. मांसाच्या गाठी, म्हणजे पॉलिप, नव्हते. पू नव्हता.

काही गोष्टी मी मुद्दाम शोधल्या. एकाच बाजूचं नाक बंद, रक्तमिश्रित शेंबूड, गालाला बधिरपणा, डोळ्याभोवती सूज, काळी खपली यांपैकी एक जरी खूण असती तर पुढचं सगळं बाजूला ठेवून बायॉप्सीचा, म्हणजे तुकडा काढून तपासण्याचा, विचार करावा लागला असता. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, इतके रुग्ण पाहिले आहेत की मधुमेहाच्या घरातल्या माणसाचं नाक या खुणांसाठी तपासल्याशिवाय सोडू नये. यातलं इथे काही नव्हतं.

रक्तदाब १४८/९४ भरला. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.२ आली. मधुमेह म्हणण्याइतकी नाही, पण उंबरठ्यावरची. छातीत शिट्टी वाजत नव्हती. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी, नॉर्मल आली. ती करणं गरजेचं होतं, कारण गव्हाच्या पिठाची धूळ हे दम्याचं ओळखीचं कारण आहे. बेकरी आणि गिरणी कामगारांत तो आधी शिंका-सर्दीच्या रूपात दिसतो, छातीत नंतर उतरतो.

निदान कुठे वळलं

वारीचं विचारलं तेव्हा. आषाढीला गिरणी पुतण्यावर सोपवून ते दहा-बारा दिवस बाहेर होते. तेव्हा शिंका येत होत्या का? ते जरा थांबले. "नाही. एकही नाही. डोळेपण खाजले नाहीत." आणि नाक? "नाक तसंच. बाटली होतीच बरोबर."

या उत्तरानं एका नाकातले दोन आजार वेगळे झाले. शिंका आणि खाज गिरणी सोडली की थांबत होती, म्हणजे ती पिठाच्या धुळीशी बांधलेली. चोंदणं गिरणी सोडूनही थांबत नव्हतं, कारण ते बाटलीशी बांधलेलं होतं आणि बाटली पंढरपूरपर्यंत गेली होती. पडद्याचा झुकाव तर वर्षानुवर्षं तिथेच असणार. तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांना त्याचा त्रास नव्हता.

थेंबांमुळे नाक कसं चोंदतं, हे मी त्यांना चित्र काढून समजावलं. टर्बिनेटच्या अस्तराखाली रक्त साठवणाऱ्या पोकळ शिरांचं जाळं असतं. शरीर त्यांना मज्जातंतूंमार्फत आवळत आणि सैल करत असतं. निरोगी माणसाचीही एक नाकपुडी काही तास जरा तंग आणि दुसरी मोकळी असते, नंतर पाळी बदलते. झायलोमेटाझोलीन या शिरा जोरानं आवळतं, म्हणून मिनिटांत नाक मोकळं होतं. पण रोज अनेकदा आवळल्यावर शिरा त्या इशाऱ्याला दाद देईनाशा होतात. औषध उतरलं की त्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. माणूस पुन्हा थेंब टाकतो. रात्री आडवं झालं की डोक्याकडचं रक्त वाढतं, झोपेत मज्जातंतूंचा आवळही सैल होतो, म्हणून रात्र सगळ्यांत वाईट जाते. वैद्यकात याला रायनायटिस मेडिकामेंटोझा म्हणतात, म्हणजे औषधानंच झालेली नाकाची सूज.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग, ते मागत होते तो: पडद्याची शस्त्रक्रिया आणि टर्बिनेट लहान करणं. मी ती नाकारली नाही, पुढे ढकलली. थेंब चालू असताना केलेली शस्त्रक्रिया सुजलेल्या अस्तरावर होते. पडदा सरळ होतो, पण अस्तर थेंबांमुळे पुन्हा फुगतं. वाकडा पडदा असूनही तक्रार नसलेली माणसं भरपूर आहेत. सूज उतरल्यावर झुकावामुळे किती त्रास उरतो ते पाहून ठरवणं मला जास्त प्रामाणिक वाटलं.

दुसरा मार्ग थेंब एका दिवसात बंद करून आठवडाभर तोंडावाटे स्टेरॉइड देण्याचा. याचा गुण लवकर येतो आणि अनेक रुग्णांत मी तो वापरतो. इथे साखर उंबरठ्यावर आणि रक्तदाब चढलेला, म्हणून तो राखीव ठेवला.

तिसरा मार्ग एकेक नाकपुडी सोडवण्याचा. आधी स्टेरॉइडचा नाकातला फवारा सुरू करायचा, मग एका बाजूचे थेंब पूर्ण बंद, दुसऱ्या बाजूला चालू. पहिली बाजू मोकळी व्हायला लागली की दुसरी बंद. वेळ जास्त लागतो, पण माणसाला झोपायला एक नाकपुडी तरी मिळते. आम्ही हा निवडला.

सर्दीच्या गोळ्यांबद्दलही निर्णय घ्यायचा होता. ते घेत असलेल्या गोळीत क्लोरफेनिरामीन हे ॲलर्जीचं औषध होतं, आणि फिरत्या पट्ट्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला गुंगी आणणारी गोळी चालणार नाही. तिच्यातल्या फेनिलएफ्रिनचाही, म्हणजे नाक मोकळं करण्यासाठी घातलेल्या औषधाचाही, उपयोग नव्हता. तोंडावाटे घेतलेलं फेनिलएफ्रिन चोंदलेल्या नाकावर चालत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं २०२३ मध्ये काढला. नाक मोकळं करणारं दुसरं औषध म्हणजे स्यूडोएफेड्रिन, पण त्यानं रक्तदाब चढतो. मॉन्टेलुकास्ट हे ॲलर्जी-दम्याचं औषध असलेली जोडगोळीही त्यांना पूर्वी दिली गेली होती. मॉन्टेलुकास्टमुळे मनावर आणि झोपेवर होणाऱ्या परिणामांबद्दल २०२० मध्ये त्याच प्रशासनानं सर्वांत कडक इशारा दिला आहे. आधीच झोप उडालेल्या माणसाला मी ती परत दिली नाही. शिंकांसाठी गुंगी न आणणारी फेक्सोफेनाडिन तेवढी ठेवली. तिनं चोंदणं फारसं कमी होत नाही, हेही सांगून ठेवलं.

गिरणी बंद करा, असं सांगणं सोपं होतं. पण त्या गिरणीवर दोन कुटुंबं जगतात.

काय केलं

वेळ ठरवणं हा पहिला निर्णय होता. दिवाळीआधीच्या गर्दीत रात्रीची झोप गेलेला माणूस थेंब सोडू शकणार नाही, म्हणून नवरात्राच्या आत हे पार पाडायचं ठरलं.

पहिला आठवडा थेंब तसेच ठेवले. त्यासोबत मोमेटासोन या स्टेरॉइडचा फवारा, दिवसातून एकदा, प्रत्येक बाजूला दोन वेळा. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. अर्धा लिटर पाण्याला साधं मीठ, साधारण एक सपाट लहान चमचा. ते जलनेती शिकलेले होते, पण नळाच्या पाण्यानं करत होते. यात मी सवलत देत नाही. नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. पाणी प्यायलं तर तो काही करत नाही, नाकातून गेला तर जीव घेतो. त्यामुळे पाणी खळखळ उकळून कोमट केलेलंच हवं, आणि भांडं रोज धुऊन वाळवलेलं.

दुसऱ्या आठवड्यात उजवीकडचे थेंब बंद. उजवीकडे मुद्दाम, कारण पडदा डावीकडे झुकलेला, म्हणजे उजवीकडे जागा जास्त. पहिलं यश लवकर मिळावं असं वाटत होतं. डावीकडे रात्री एकदा, दिवसा गरज पडलीच तर एकदा. उशाला दोन उशा, रात्रीचं जेवण लवकर. गाडीतली आणि गिरणीतली बाटली पत्नीच्या ताब्यात.

दोन अडथळे

तिसऱ्या रात्री त्यांनी दोन्ही बाजूंना थेंब टाकले. सकाळी पत्नीचा फोन आला, आवाजात अपराधीपणा होता, जणू चूक त्यांचीच. इथे दोन पर्याय होते: पहिल्यापासून सुरुवात, किंवा झालं ते धरून पुढे. मी दुसरा घेतला. तीन वर्षांत हजारो वेळा टाकलेल्या थेंबांपुढे एका रात्रीचे थेंब काही नाहीत, आणि "सगळं वाया गेलं" असं एकदा मनात बसलं की माणूस परत येत नाही. रुग्णाला फोनवर घेतलं. ते म्हणाले, "जीव घाबरा होतो डॉक्टर. श्वास अडकतोय असं वाटतं." तोंडानं श्वास चालू असतो, गुदमरणं होत नाही, हे दिवसा पटतं. रात्री दोन वाजता पटत नाही. म्हणून त्या वेळेसाठी ठरलेली कामं दिली: उठून बसायचं, कोमट मीठपाण्यानं उजवी नाकपुडी धुवायची, दहा मिनिटं ओसरीवर चालायचं. हालचालीनं नाकातल्या शिरा आपोआप आवळतात, म्हणून चालण्याला खरा अर्थ आहे. तरीही नाहीच जमलं तर थेंब फक्त डावीकडे.

दुसरा अडथळा असा की दहाव्या दिवशी ते म्हणाले, फवाऱ्यानं काहीच होत नाही, उलट नाकातून रक्ताचा ठिपका येतो. मी फवारा त्यांच्या हातात देऊन मारून दाखवायला सांगितलं. मान मागे टाकलेली, नळी मधल्या पडद्याकडे रोखलेली, आणि मारल्याबरोबर जोरात ओढून घेतलं. सगळं औषध घशात, उरलेलं पडद्यावर. बरोबर पद्धत अशी: मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, म्हणजे नळी आपोआप डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळते. श्वास नेहमीचा हळू. नाक आधी धुतलेलं असावं. शिवाय हा फवारा थेंबांसारखा मिनिटांत काम करत नाही, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, हे पुन्हा सांगितलं. लिहून दिलेलं औषध आणि नाकात पोचलेलं औषध यांत केवढं अंतर पडतं, ते असं प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही.

हात बदलल्यावर आठवड्यात उजवी बाजू मोकळी झाली. एका रात्री सलग पाच तास झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून डावीकडचे थेंब थांबवले. डावी बाजू जास्त दिवस कुरकुरली, पण तेव्हा त्यांच्याकडे एक चालती नाकपुडी होती. तोंडावाटे स्टेरॉइडची गरज पडली नाही.

गिरणीतले बदल

मास्क आधीच का दिला नाही, असं कुणी विचारेल. चोंदलेल्या नाकानं एन-९५ मास्क लावून दिवसभर पोती उचलणं शक्यच नाही. मास्क दिला असता तर दोन तासांत गळ्यात आला असता. म्हणून आधी नाक, मग मास्क, असा क्रम ठेवला.

गिरणी मी स्वतः जाऊन पाहिली. सगळ्यांत जास्त धूळ दळताना उडतच नव्हती. ती उडत होती दर आठवड्याला यंत्र साफ करताना, ब्लोअरनं हवा मारल्यावर. पाच मिनिटं समोरचा माणूस दिसत नव्हता. ब्लोअर बंद केला, त्याऐवजी व्हॅक्यूम क्लीनर आणला. केरसुणीनं झाडणं सोडून ओलं फडकं. पीठ पडतं त्या तोंडाला लांब कापडी बाही, डब्याच्या आतपर्यंत जाणारी. समोरच्या भिंतीत एक पंखा हवा बाहेर फेकणारा. रिकामी पोती बाहेर अंगणात झटकायची, मास्क लावून. हाताखाली काम करणाऱ्या मुलालाही मास्क, त्याचं नाक अजून चांगलं आहे म्हणूनच.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी, दिवाळीची गर्दी उलटल्यावर, ते आले. थेंब पूर्ण बंद. टर्बिनेट गुलाबी, पडद्यापासून सुटलेली. डावी बाजू उजवीपेक्षा जरा तंग, पण झोप लागत होती आणि हरभऱ्याच्या डाळीला लागलेला कुबट वास त्यांनी स्वतः पकडला होता. शिंका कमी झाल्या, गेल्या नाहीत. रक्तदाब १३२/८४. हे सगळं श्रेय थेंब सुटण्याला देता येणार नाही. झोप सुधारली होती, लोणचं-पापडही कमी केलं होतं. पण शिरा आवळणारं औषध दिवसातून आठ वेळा घेणाऱ्याचा रक्तदाब मोजताना ते औषध हिशेबात धरायलाच हवं. ऑपरेशनचा विषय त्यांनीच काढला. म्हणाले, "आत्ता नको."

जानेवारीत साधी सर्दी झाली तेव्हा त्यांनी थेंबांऐवजी फोन उचलला. एकदा असा आजार झालेल्या नाकात थेंब परत टाकले तर सूज पहिल्यापेक्षा फार लवकर उलटते. इतरांना चार-पाच दिवस चालणारे थेंब त्यांना एक दिवसही चालणार नाहीत, हे त्यांच्या केसपेपरवर ठळक लिहून ठेवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा म्हणजे तीन वर्षांपूर्वीची ती चिठ्ठी. 'पाच दिवस' असं लिहिलेलं होतं, पण पाच दिवसांनंतर नाक परत चोंदलं तर काय करायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं. थेंब लिहिताना थांबवण्याची तारीख आणि "थांबवल्यावर दोन-चार दिवस चोंदेल, घाबरू नका" एवढं वाक्य पुरलं असतं. दुसरी जागा मेडिकलचा काउंटर. एकच माणूस आठवड्यात दुसरी बाटली नेतो तेव्हा तिथे उभा असलेला फार्मासिस्ट हा आजार डॉक्टरच्या आधी ओळखू शकतो. त्यानं विचारलं तर लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे. सीटी स्कॅनही घाईचा होता. दोन्ही बाजू चोंदलेल्या, धोक्याची एकही खूण नाही, अशा रुग्णात आधी नीट विचारपूस आणि फवाऱ्याचे काही आठवडे, मग गरज उरली तर सीटी. हातात स्कॅन आला की वाकडा पडदा दिसतो, आणि दिसलेल्या गोष्टीवर उपचार करायचा मोह सगळ्यांनाच होतो.

एक निर्णय अजून उघडा आहे. ॲलर्जीची चाचणी आम्ही केली नाही, कारण तेव्हा तिच्या उत्तरानं उपचार बदलणार नव्हता. आता बदलू शकतो. शिंका गव्हाच्या पिठाच्या असतील तर पुतण्याकडे दळण आणि यांच्याकडे हिशेब-खरेदी, अशी वाटणी करावी लागेल. धान्यातल्या किंवा अंथरुणातल्या धूळकिड्यांच्या असतील तर कामात एवढा बदल लागणार नाही. गाद्या-चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुणं आणि साठवणीची खोली कोरडी ठेवणं यावर भर देता येईल. पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरानं बाहेर पडतो ते मोजणारी नळी, त्यांना दिलं आहे. कामाच्या दिवशी आणि गिरणी बंद असते त्या दिवशी, सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे वहीत लिहितात. त्या आकड्यांत कामाच्या दिवशी घसरण दिसली तर वाटणीचा निर्णय चाचणीची वाट न पाहता घ्यायचा, असं त्यांचं, पत्नीचं आणि माझं ठरलं आहे.